आधी दीक्षा की आधी निवडणूक?

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तिच्यात चांद्याच्या १६ ऑक्टोबरवर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने मला सांगितले. मी कागद कारखान्यातला कामगार. कागद तयार करण्यात आयुष्य गेले, त्यावर लिहिण्याचा योग कमीच आला. तरी गेली तीस वर्षे वाचतो आहे, जुन्या माणसांचे ऐकतो आहे, त्यावरून जे समजले ते समाजबांधवांपुढे ठेवतो.

१६ ऑक्टोबरवर दरवर्षी लेख येतात. अलोट गर्दी, पांढरी वस्त्रे, बैलबंड्या, सोबत बांधून आणलेल्या भाकरी. हे सगळे खरे आहे आणि ते लिहिलेच पाहिजे. पण त्या दिवसाच्या आधी आपल्याच माणसांमध्ये एक वाद झाला होता, त्यावर कोणी फारसे लिहीत नाही. वाद असा होता : धर्मांतराची तारीख कधी जाहीर करायची? १९५७ च्या निवडणुकीच्या आधी की नंतर? "आता थांबा, निवडणूक होऊ द्या, मग पाहू," असे म्हणणारे लोक बाहेरचे नव्हते, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे होते. बाबासाहेबांसाठी लाठ्या खाल्लेले होते.

हे मी मुद्दाम लिहितो, कारण माझा आजा त्यातलाच एक होता. मूलकडच्या एका खेड्यात तो फेडरेशनचा कार्यकर्ता होता. १६ तारखेला तो चांद्याला गेला नाही. आमच्या नातेवाइकांत अजून कोणी भांडणात बोलून जातो, "तुमचा म्हातारा तर मागून आला होता." लहानपणी मला याची लाज वाटायची. पुढे वाचन वाढले तेव्हा समजले की गोष्ट इतकी सरळ नाही.

ती समजायला येवल्यापासून सुरुवात करावी लागते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्माला येणे आपल्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही. कोणता धर्म घेणार, कधी घेणार, यातले काहीच सांगितले नाही. घोषणा आधी आणि तपशील नंतर, असा तो प्रकार होता. त्याचा फायदा झाला तसा त्रासही झाला. फायदा असा की साऱ्या देशाचे कान टवकारले गेले. मुसलमान, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, सगळ्यांची बोलावणी आली. त्रास असा की विरोधकांना तयारीला भरपूर वेळ मिळाला आणि आपल्याही लोकांत मतभेद उघडे पडले. आपल्या नागपूर-विदर्भात किसन फागुजी बनसोड्यांसारख्या, मुलींसाठी शाळा काढणाऱ्या जुन्या सुधारकालाही धर्मांतर पटले नव्हते. त्यांना कोणी समाजद्रोही म्हणू शकेल काय?

मग १९३६ साली शीख धर्माविषयी डॉ. मुंजे यांच्याशी बोलणी झाली. ती खाजगी होती. मुंजे यांनी मद्रासचे एम. सी. राजा यांना पत्र लिहून मत विचारले. राजांना ती योजना पसंत नव्हती. त्यांनी ऑगस्ट १९३६ मध्ये सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रात दिला. पिकायच्या आधीच फळ तोडले गेले. बोलणी चालू असताना बाहेर फुटली की काय होते, हे बाबासाहेबांनी तेव्हा पाहिले. १९५६ मध्ये त्यांनी तारीख शेवटपर्यंत हाताशी ठेवली, त्याचे एक मूळ मला इथे दिसते. हा माझा अंदाज आहे, कोणी याहून चांगले कारण दाखवले तर मी ऐकेन.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. येवल्याच्या घोषणेनंतर मे १९३६ च्या अखेरीस मुंबईत महार परिषद झाली, धर्मांतराचा ठराव झाला. पण त्याच वर्षी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ ची निवडणूक लढवली. पक्षाचे बहुतेक उमेदवार निवडून आले, त्यातले बरेचसे पुणे करारातल्या राखीव जागांवर. म्हणजे त्या वेळी निवडणूक आधी झाली आणि धर्म मागे राहिला. वीस वर्षांनी "आधी निवडणूक" म्हणणारे जे लोक होते, त्यांनी ही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. ते काही नवीन सांगत नव्हते. एकदा केले तेच पुन्हा करा, एवढेच त्यांचे म्हणणे.

मधल्या काळात बरेच घडले. फेडरेशन स्थापन झाली, देश स्वतंत्र झाला, घटना झाली. घटनेबरोबर १९५० चा अनुसूचित जातींचा आदेश आला आणि त्यात स्पष्ट लिहिले होते की हिंदू धर्माखेरीज दुसरा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही. शिखांसाठी ही अट पुढे १९५६ साली सैल झाली. बौद्धांसाठी नाही. म्हणजे ज्या दिवशी माणूस बुद्धाला शरण जाईल त्या दिवशी त्याची राखीव जागा, त्याच्या पोराची शिष्यवृत्ती, नोकरीतली सवलत, सगळ्यावर कायद्याने पाणी. आज आपण हे वाचून सोडून देतो. पण ज्याचा मुलगा आठवीत आहे आणि फी भरायला घरात पैसा नाही, अशा बापाच्या जागी उभे राहून पाहा.

आता १९५६ च्या तारखा पाहू. २४ मे रोजी बुद्धजयंतीला मुंबईच्या नरे पार्कवर बाबासाहेबांनी जाहीर केले की येत्या ऑक्टोबरमध्ये बौद्ध धम्माची दीक्षा घेणार. महिना सांगितला, दिवस नाही आणि गावही नाही. मग चार महिने चर्चा. मुंबईच्या मंडळींना वाटे की दीक्षा मुंबईला व्हावी, कामगारांची ताकद तिथे आहे, मोठी वर्तमानपत्रे तिथे आहेत. नागपूरकडून वामनराव गोडबोले पाठपुरावा करत होते. अखेर २३ सप्टेंबरला बाबासाहेबांनी पत्रक काढले : नागपूर, १४ ऑक्टोबर, सकाळी ९ ते ११. अशोक विजयादशमीचा दिवस. दुसऱ्या दिवशी कुशीनाराचे भदंत चंद्रमणी महास्थवीर यांना पत्र गेले.

२३ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर म्हणजे एकवीस दिवस. येवल्यापासून एकवीस वर्षे वाट पाहायला लावली आणि तयारीला दिले एकवीस दिवस! यावरून त्या वेळीही कुरकूर झाली असणारच. आपल्या विहाराच्या साध्या कार्यक्रमाची पत्रिका महिनाभर आधी छापून आली नाही तर केवढी ओरड होते, ते आपण जाणतोच. तिथे तर लाखो माणसांची सोय करायची होती. नागपूरला व्हॅक्सिन इन्स्टिट्यूटजवळच्या मोकळ्या मैदानावर मंडप, पाणी, दिवाबत्ती, सगळे तीन आठवड्यांत.

पण मला वाटते हे एकवीस दिवस विचार करून ठेवलेले होते. जास्त दिवस दिले असते तर निवडणुकीचा हिशेब मांडणाऱ्यांना वेळ मिळाला असता, शिष्टमंडळे दिल्लीला गेली असती, तारीख पुढे गेली असती. आणि एकदा पुढे गेलेली तारीख परत येत नाही, हे आपण युनियनच्या संपात अनेकदा पाहिले आहे. दुसरे कारण आपल्या राज्याचे. तेव्हा नागपूर आणि चांदा मध्य प्रदेशात होते, नागपूर राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना होऊन आपण द्वैभाषिक मुंबई राज्यात गेलो. बाबासाहेबांनी हे मनात धरले होते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण पंधरा दिवसांनी सगळे सरकारी कारभारी बदलणार होते, हे खरे.

बाबासाहेब ११ ऑक्टोबरला नागपूरला आले आणि सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात उतरले. १३ तारखेला पत्रकार परिषद झाली. सवलती जातील त्याचे काय, हा प्रश्न तिथेही निघाला. सवलतीसाठी आम्ही जन्मभर अस्पृश्यच राहावे काय, असा त्यांच्या उत्तराचा रोख होता. हा झाला पत्रकारांशी झालेला सामना. त्याहून अवघड प्रसंग हॉटेलातल्या आतल्या बैठकीत झाला. त्यांच्या काही जवळच्या सहकाऱ्यांनी निवडणूक होईपर्यंत थांबण्याचा विषय पुन्हा काढला आणि बाबासाहेब संतापले. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदान भरून वाहणार होते, आणि आदल्या रात्री हा वाद! मैदानावर पताका बांधणाऱ्या पोरांना याचा पत्ताही नसेल.

आता आपल्याकडे येऊ. नागपूरला १४ आणि १५ अशी दोन दिवस दीक्षा झाली आणि १६ ऑक्टोबरला, मंगळवारी, बाबासाहेब चांद्याला आले. बाबासाहेबांनी स्वतः जाऊन दीक्षा दिली अशी ठिकाणे दोनच, नागपूर आणि चांदा. हे आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला आले ते बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्यामुळे. राजाभाऊ तेव्हा एकतीस वर्षांचे तरुण. पुढे ते रिपब्लिकन पक्षाचे सरचिटणीस झाले, राज्यसभेचे उपसभापती झाले. पण मला त्यांचे सगळ्यात मोठे काम कोणते वाटते विचाराल तर त्या एका दिवसासाठी चांदा जिल्हा गोळा करणे.

आणि हा जिल्हा म्हणजे केवढा! गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. त्याआधी वरोऱ्यापासून थेट सिरोंच्यापर्यंत एकच चांदा जिल्हा. राजुरा तर तेव्हा हैदराबाद राज्यात होता, तिथले लोक वर्धा नदी ओलांडून म्हणजे दुसऱ्या राज्यातून आले. पूर्वेकडे वडसा सोडले तर गडचिरोलीच्या मुलखात रेल्वे नव्हती. जंगलाच्या वाटा, पावसाळा नुकताच संपलेला, नाल्यांना पाणी, हलके धान कापणीला आलेले. वर्तमानपत्र ज्या गावाला जात नाही त्या गावाला तारीख कळणार कशी? ‘प्रबुद्ध भारत’ होते, फेब्रुवारी १९५६ मध्ये ‘जनता’चे नाव बदलून तेच झालेले. पण ते वाचायला अक्षर ओळखणारा माणूस तर हवा.

जुनी माणसे सांगत की बातमी बाजाराने पोचली. आठवडी बाजारात एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्याला सांगे, तो आपल्या गावी जाऊन मोहल्ल्यात सांगे. गावोगावचे कोतवाल बहुतेक आपलेच. सरकारचा निरोप घेऊन हिंडायचे ते त्यांचे काम, त्याच फेरीत हाही निरोप गेला. नागभीडकडून येणाऱ्या छोट्या लाइनच्या गाडीने गेला, बल्लारपूरच्या कारखान्यातून आणि खाणीवरून पगाराच्या दिवशी घरी जाणाऱ्यांबरोबर गेला. आमच्या वस्तीतल्या एक आजीबाई सांगायच्या, "आमाले तारीख-गिरीख काही माहीत नोहती जी. दसऱ्यानंतर दोन दिवसानं बाबासाहेब चांद्याले येऊन राह्यले, एवढंच आयकलं, आन् निंगालो." दसरा सगळ्यांना ठाऊक होता. कॅलेंडर नसलेल्या घरालाही दसऱ्यावरून दिवस मोजता येत होता. प्रचाराच्या दृष्टीने यापेक्षा सोपी तारीख दुसरी कोणती असती?

पण ज्या बाजाराने तारीख आणली त्याच बाजाराने भीतीही आणली. माझ्या आज्याने ऐकले ते असे : बौद्ध झालात तर सीट जाईल, वजिफा जाईल, फेब्रुवारीत इलेक्शन आहे, तोवर दम धरा, बाबासाहेब कुठे पळून चालले आहेत? हे सांगणारा काँग्रेसवाला नव्हता, फेडरेशनचाच होता. आज्याला पटले. त्याचा थोरला मुलगा, म्हणजे माझे मोठे वडील, तेव्हा शिष्यवृत्तीवर शिकत होते. तो घरी राहिला आणि धान कापत बसला. माझी आजी मात्र शेजारणींबरोबर चांद्याला जाऊन दीक्षा घेऊन आली! परत आली तेव्हा तिने देव्हाऱ्यातले देव काढून नदीत सोडले. आज्याने तिला अडवले नाही. घरात एक बौद्ध आणि एक थांबलेला, असे एकावन्न दिवस गेले.

१६ ऑक्टोबर ते ६ डिसेंबर म्हणजे एकावन्न दिवस. त्यात बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेलाही जाऊन आले. मुंबईत १६ डिसेंबरला दीक्षा समारंभ व्हायचा होता. ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि मुंबईने ७ तारखेला चितेपुढे भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली. आता विचार करा. "निवडणूक झाल्यावर" म्हणजे कधी? निवडणूक झाली फेब्रुवारी-मार्च १९५७ मध्ये. थांबा म्हणणाऱ्यांचे ऐकले असते तर दीक्षा झालीच नसती. झाली असती तर बाबासाहेबांच्या माघारी, कोणीतरी दुसऱ्याने दिलेली, आणि तिला लाख लोक आले असते की हजार, देव जाणे. (देव जाणे हा शब्द सवयीने आला, क्षमा असावी.)

आज्याला ही बातमी मूलच्या बाजारात कळली. तो त्याच आठवड्यात बौद्ध झाला. कोणत्या भन्तेंकडून की नुसते चार लोकांत त्रिशरण म्हणून, हे त्याने कधी सांगितले नाही.

मग थांबा म्हणणारे पूर्ण चूक होते का? मी तसे म्हणणार नाही. त्यांचा हिशेब कागदावर बरोबर होता. केंद्राच्या सवलती बौद्धांना मिळाल्या त्या १९९० मध्ये, व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात कायदा बदलला तेव्हा. म्हणजे चौतीस वर्षे! महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्य सरकारने आपल्या अखत्यारीतल्या सवलती चालू केल्या, पण केंद्राची नोकरी आणि राखीव मतदारसंघ यांसाठी दोन पिढ्या अडकून पडल्या. कितीतरी जणांनी दाखल्यावर एक लिहिले आणि घरात दुसरे पाळले. त्यांना आपण टोमणे मारतो, पण त्यांची पोरे शिकली ती त्या दाखल्यावर, हेही कबूल करावे.

चूक झाली ती दुसऱ्या ठिकाणी. राखीव जागा हातात आहेत असे ते धरून चालले. खरेच होत्या का? १९५२ ला मुंबईत राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब काजरोळकरांकडून पडले. १९५४ ला आपल्या शेजारच्या भंडाऱ्यात पोटनिवडणुकीला पुन्हा राखीव जागेवर उभे राहिले आणि पुन्हा पडले. तिथे दोन जागांचा मतदारसंघ होता. आपल्या लोकांनी दुसरे मत अशोक मेहतांना दिले, ते निवडून आले, त्यांच्या बाजूची मते मात्र आपल्याकडे तशी आली नाहीत. साऱ्या देशात १९५२ ला फेडरेशनचे खासदार झाले दोन. आणि दीक्षेनंतर, १९५७ ला? सहा. दादासाहेब गायकवाड नाशिकहून निवडून आले. म्हणजे जे जाईल म्हणून भीती होती ते उलट वाढले.

इथे मी टाळ्या घेणार नाही, कारण खरे सांगायचे तर ती वाढ संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेची होती. आपल्या विदर्भात ती लाट नव्हती, इकडे काँग्रेसनेच बाजी मारली. १९६२ ला समिती मोडली तेव्हा महाराष्ट्रातून रिपब्लिकन पक्षाचा एकही खासदार झाला नाही. तेव्हा दीक्षेमुळे जिंकलो असे म्हणणे जितके खोटे, तितकेच दीक्षेमुळे हरलो असे म्हणणेही खोटे. निवडणुकीचे गणित त्याच्या जागी चालत राहिले. बाबासाहेबांनीही पक्षाची गोष्ट सोडली नव्हती. रिपब्लिकन पक्षाचा विचार त्यांनी त्याच दिवसांत मांडला होता, स्थापना मात्र ३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात त्यांच्या मागे झाली. फक्त क्रम त्यांनी ठरवला, आणि १९३६-३७ चा क्रम उलटा केला.

खरा हिशेब खानेसुमारीत आहे. १९५१ मध्ये आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये झाले सुमारे सत्तावीस लाख नव्वद हजार. त्याही वेळी वाद होताच : रकान्यात ‘बौद्ध’ लिहायचे की जात लिहायची? तोच जुना प्रश्न, तीच सवलतीची भीती. माझ्या आज्याने मोजणीवाल्याला बौद्ध लिहायला लावले. मोठ्या वडिलांची शिष्यवृत्ती तोवर संपली होती, हे मात्र नमूद करतो, नाहीतर आजी वरून हसेल.

१९९० चा कायदा झाला तेव्हा दोघेही नव्हते. वस्तीत पेढे वाटले गेले. एका म्हाताऱ्या फेडरेशनवाल्याने पेढा हातात धरून विचारले, "हे छप्पनमध्येच केलं असतं तं काय बिघडलं असतं यायचं?" त्याला कोणी उत्तर दिले नाही.

ज्या घरांत त्या एकवीस दिवसांतली पत्रके, चिठ्ठ्या, फोटो किंवा ‘प्रबुद्ध भारत’चे अंक पेटीत पडून असतील त्यांनी ते विहारात आणून द्यावेत. झेरॉक्स काढून मूळ प्रत त्याच दिवशी परत देऊ. आणि ज्यांच्या घरी माझ्या आज्यासारखा कोणी थांबलेला होता त्यांनीही संकोच न करता येऊन सांगावे, तेही लिहून ठेवायचे आहे. रविवारी वंदनेनंतर मी विहारातच असतो.

नमो बुद्धाय! जय भीम!